विळ्याची मान

माणूस कामाला बोलवावा आणि त्याने येऊन नुसतं बसून राहावं, ही गोष्ट थोरलीच्या डोक्यात मावत नव्हती.

पेंटर सोमवारी सकाळी आला. उंबऱ्याशी चपला काढल्या, भट्टीपासून सहा हातांवर एक ओबडधोबड लाकडी ठोकळा पडला होता त्यावर बसला, आणि बसला तो बसलाच. मंगळवारी तेच. चहा दिला की घ्यायचा, कप स्वतः विसळून पालथा घालायचा. दिवसभरात तेवढं एकच काम तो माणूस करतो, असं थोरलीचं म्हणणं. खिशात एक बोटभर जाडीची वही होती; ती उघडायची, मिटायची. कानावरची पेन्सिल काढायची, चार रेघा मारायच्या, परत कानावर ठेवायची.

"कान दमला असेल बिचारा," थोरली सुनेला म्हणाली, पण पेंटरला ऐकू जाईल अशा बेताने.

सून भट्टीत कोळसा सारत होती. "आई, विचार करत असतील ते."

"विचाराचे पैसे दिलेत का आपण? चित्राचे दिलेत."

पेंटरने ऐकलं. वर पाहिलं, मान हलवली, जणू तिचं म्हणणं त्याला पटलंच होतं, आणि पुन्हा लेकाच्या हातोडीकडे बघत राहिला. थोरलीला आणखीच चीड आली. भांडायला तयार असलेल्या बाईला होकार देणं यासारखा अपमान नाही.

घर लोहारकामाचं. ऐरणीवर लेक, समोर घण घेऊन सून. चाळीस वर्षं तो घण थोरलीने उचलला होता. आता उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून ती कोपऱ्यात पाय पसरून बसे, पात्यांना कानस मारी, मुठी ठोकी आणि जिभेने सगळ्यांना कामाला लावी. कापणी दोन महिन्यांवर आली होती. एरवी या दिवसांत भट्टी विझत नसे. विळ्यांचे जुडगे बांधून दाराशी उभे असत आणि बाजारातला दुकानदार गाडी पाठवून घेऊन जाई. यंदा त्याने अर्धा माल परत धाडला. त्याच्या दुकानात कारखान्यातले विळे आले होते, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचे, एकासारखा एक. परत आलेले जुडगे भिंतीला टेकून होते आणि हवेतल्या दमटपणाने त्यांच्यावर तांबूस बुरशीसारखा गंज धरायला लागला होता. रोज संध्याकाळी सून तेलाचं फडकं घेऊन ते पुसत बसे.

त्यातच रस्त्यापलीकडच्या गेट-खिडक्यांच्या कारखानदाराने लेकाला बोलावलं होतं. महिन्याचा पगार, डोक्यावर पंखा. येत्या मंगळवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. लेक घरात काही बोलला नव्हता. पण भंगारवाला येऊन ऐरणीवर बोटाने टकटक करून गेला, ते थोरलीने पाहिलं होतं. ऐरणीवर कुणी असं टकटक केलं की तिला आपल्याच कपाळावर केल्यासारखं वाटे.

मार्ग काढला तो पुतणीने. ती शहरात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. सुट्ट्यांमध्ये बसून तिने घरासाठी वेबसाइट बनवली. विळ्यांचे, खुरप्यांचे फोटो घातले, पत्ता घातला, पैसे कसे पाठवायचे ते घातलं. सगळं तयार, फक्त वरचा डावा कोपरा रिकामा.

"तिथे लोगो लागतो, काकू."

"म्हणजे?"

"खूण. ती पाहिली की माणसाला कळलं पाहिजे की माल तुमचा."

फुकटची चित्रं फोनवर मिळत होती. पुतणीने त्यातला एक हातोडा निवडला, आणि दोन दिवसांनी तोच हातोडा एका व्यायामशाळेच्या दारावर दिसला. शहरातल्या चित्रकाराने जी रक्कम सांगितली त्यात भट्टीचा नवा पंखा आला असता. घरात शिल्लक होते एका कोळशाच्या पोत्याचे पैसे. तेवढ्यात कोण येणार? तर हा पेंटर आला. एके काळी बाजारातली प्रत्येक पाटी त्याच्या हातची होती. मग छापील फलक आले आणि त्याच्याकडे उरलं पाण्याच्या टाक्यांवर आकडे घालणं. पुतणी म्हणाली, "काकू, त्यांचा हात बघा एकदा." थोरलीने पोत्याचे पैसे आधीच त्याच्या हातावर ठेवले, कारण उधारीवर काम करून घेणं तिच्या नाकाला झोंबत असे.

आणि तो बसून राहिला.

बुधवारी दुपारी तिचा धीर सुटला. "पेंटर, तुम्हाला सुचत नसेल तर मी सांगते. लिहून घ्या. मधे भट्टी. ज्वाळा मोठ्या हव्यात. ऐरण, तिच्यावर हातोडी. बाजूला घण. दोन विळे, एक खुरपं, एक कुऱ्हाड. मागे आमचा जुना भाता. आणि वर घराचं नाव, गोल कमानीत."

पेंटर म्हणाला, "बाई, फार होईल."

"फार कसं? पोतंभर कोळसा सोडलाय मी. चित्र भरलेलं दिसलं पाहिजे."

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि उठला. सायकलवरून पत्र्याचा तुकडा आणला, रंगांचे डबे आणले. गुरुवारी सकाळी पहिला हात मारला तेव्हा थोरली कानस थांबवून बघत बसली, कबूल केलं नसतं तरी. हात म्हातारा होता, शिरा वर आलेल्या. पण ब्रश पत्र्याला टेकला की त्या हाताला वय उरत नव्हतं. ज्वाळा अशा काढल्या की सून नकळत मागे सरकली. घणाच्या दांड्यावर लाकडाच्या रेषा दिसत होत्या, भात्याच्या कातड्यावर सुरकुत्या.

शुक्रवारी तो विळ्यांवर आला. समोरच्या जुडग्यातला एक विळा गुडघ्यावर ठेवून तसाच काढायला लागला. थोरली पुढे वाकली.

"मान अशी नको. सरळ करा."

घरच्या विळ्यांची मान सरळ नव्हती. पातं संपलं की लोखंड थेट मुठीत जात नसे. आधी दोन बोटं वर उचललेलं, आणि मग मुठीत. बाजारात या विळ्यांना 'मानमोडे' म्हणत. दुकानदार ते मागच्या फळीवर ठेवी.

पेंटरचा ब्रश थांबला. "सरळ?"

"सरळ. चित्रातला विळा देखणा हवा. लोक बघणार आहेत."

त्याने सरळ केली.

संध्याकाळी पुतणी चार दिवसांची सुट्टी घेऊन, बसमधून उतरून थेट आली. पत्रा पाहून तिने "बाप रे!" म्हटलं आणि थोरलीची छाती भरून आली. मग पुतणीने फोनवर त्याचा फोटो काढला, बोटाने इकडेतिकडे केलं, वेबसाइट उघडली आणि फोन काकूच्या हातात दिला.

डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, काळपट-तांबडं काहीतरी चिकटलं होतं.

थोरलीने चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. पदर फोनवर फिरवला. ते काही पुसलं गेलं नाही.

"हे काय? माशी चिरडलीय?"

"तो लोगो आहे, काकू."

सून भट्टीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. लेकाला खोकला आला. थोरली फोन दूर धरून, जवळ धरून, तिरका धरून बघत राहिली. "मोठा फोन आण."

"सगळ्यांकडे एवढेच असतात."

"मग लोकांना सांग जरा जवळून बघा म्हणून!" असं म्हणून ती आत गेली आणि रिकामं पातेलं उगाच आपटलं. पेंटर तिथेच ब्रश धूत होता. हसला नाही. तिने दारातून ते पाहून ठेवलं.

पण खरा तडाखा अजून बसायचा होता. शनिवारी सकाळी पेंटर येऊन बसतो न बसतो तोच गवतवाली आली. पंधरा वर्षं ती या घरचा विळा वापरत होती, धार लावायलाही दुसरीकडे जात नसे. गवताचा भारा दाराबाहेर टाकून आत आली आणि भिंतीला टेकवलेला पत्रा पाहून थबकली.

"थोरल्या बाई, जागा विकलीत का? कुणाचं दुकान येतंय?"

"कुणाचं म्हणजे? आमचंच. नाव वाच."

"नाव वाचता येत असतं तर भारे वाहिले असते का? विळे बघतेय मी. हे तुमचे नाहीत." तिने पुढे होऊन चित्रातल्या सरळ मानेवर बोट ठेवलं. "या विळ्याने जमिनीलगत कापायला गेलं, तर बोटांची हाडं दगडांवर सोलून निघतील. हा बघा माझा हात. पंधरा वर्षांत एक खिपली नाही." तिने मूठ वळून सगळ्यांसमोर धरली. काळी, रापलेली, राठ मूठ. पण वरची चार हाडं अखंड. "मान उचललेली म्हणून. अशा सरळ मानेचे तर दुकानात ढिगाने पडलेत, तुमच्याकडे कशाला यायचं?"

धार लावून घेऊन ती गेली. थोरली हळूहळू पेंटरकडे वळली.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो होतो की. 'फार होईल' म्हणालो. नंतर 'सरळ?' असं विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही उत्तर दिलंत."

लेकाने हातोडी खाली ठेवली. आईला कुणी असं बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं, आणि त्यात पेंटरचा आवाज इतका साधा होता की भांडायला जागाच नव्हती.

"मग आता?" थोरली म्हणाली. "पैसे तर संपले. आणखी द्यायला माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगते."

"पैसे खुणेचे घेतलेत. खूण अजून झाली नाही. हे चित्र तुम्हाला हवं होतं, म्हणून काढलं." त्याने खिशातली वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. "हे बघा."

थोरलीला अक्षरं जेमतेम लागत, पण इथे अक्षर एकही नव्हतं. सोमवार ते बुधवार, पानामागून पान. सुनेचं घण उचलतानाचं कोपर. लेकाचा चिमटा. जुडग्यातले विळे मागून, पुढून, उलटे. मग नुसत्या माना. पानभर माना. शेवटच्या पानावर एकच रेघ: चंद्रकोरीसारखी वळून आलेली, मग पायरी चढल्यासारखी वर उचललेली आणि संपलेली.

"ही मान वळवली कुणी?" पेंटरने विचारलं.

"आमच्या घरी पहिल्यापासून अशीच," लेक म्हणाला. "आजोबांची."

थोरलीने कानस उचलली. एका पात्यावर दोनदा ओढली. मग खाली ठेवली.

"आजोबांची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

सुनेने घण भिंतीला टेकवला आणि जवळ येऊन बसली.

"नवी होते. सकाळी गुरांसाठी बांधावरचं गवत कापायचं, दुपारी घण मारायचा. बांधावर दगड. बोटांची हाडं सोलून निघायची, आणि घण धरला की घाम त्यात उतरायचा. जीव जायचा नुसता. सासऱ्यांना म्हटलं, मान जरा उचलून द्या. ते हसले. म्हणाले, विळा गवतासाठी असतो, बोटांसाठी नाही. चार माणसांत म्हणाले. मग एकदा ते बाजाराला गेले आणि मी भट्टी पेटवली. तुझे वडील दाराशी राखण करत उभे. ऐरणीच्या कडेवर धरून वाकवली मान. सासरे आले, विळा पाहिला आणि भंगारात फेकला. आमच्या घरी मोडका माल बनत नाही, म्हणाले."

"मग?" सुनेने विचारलं.

"मग काय! एक गवत कापणारी तो भंगारातून उचलून घेऊन गेली. आठ दिवसांनी तिघी आल्या तसलाच मागायला. मग सासरेही तसलेच करायला लागले. कुणी विचारलं की म्हणायचे, आमच्या घरची पद्धत." तिने नाक ओढलं. "घरची म्हणजे माझीही झालीच की, असं म्हणून गप्प बसले. बाजारातले मानमोडे म्हणून हसायचे, तेव्हा मात्र वाटायचं, माझ्यापायी घराला नाव पडलं. म्हणून चित्रात सरळ करायला सांगितली. चुकलं."

'चुकलं' हा शब्द त्या घरात थोरलीच्या तोंडून निघाला आणि पुतणीने श्वास रोखून धरला. पेंटरने मात्र भट्टीतला विझलेला कोळसा उचलला आणि तो पांढऱ्या भिंतीपाशी गेला.

पुढचे दोन दिवस ती भिंत काळी होत गेली. तो एकच रेघ काढी. मागे सरके, बघे, हाताने पुसे, पुन्हा काढी. रेघ ओढताना श्वास धरी आणि कोपर बरगडीला टेकवी. लेकही शेवटचा घाव तसाच घाली. थोरलीला पंधराव्या आणि सोळाव्या रेघेत तीळभर फरक दिसेना. पण सोळावी तो ठेवी आणि पंधरावी पुसून टाकी. मुठीच्या आत जाणारं लोखंड कुणाला दिसत नसतं, तरी ती त्याला कानस मारायची. दुकानदाराने त्यावरून तिला एकदा वेड्यात काढलं होतं. आता ती भिंतीवरच्या काळ्या धुळीकडे बघत होती आणि तिला आपली ती कानस आठवत होती.

लेक म्हणाला, "नुसती फोनवर कशाला? प्रत्येक पात्यावर हाणू. ठसा मी कापतो."

पोलादाच्या बोटाएवढ्या कांडीच्या टोकावर त्याने छिन्नीने ती रेघ कोरली. पहिला ठसा तापवून पाण्यात बुडवताच टकदिशी तडकला. दुसरा टिकला, पण तापल्या पात्यावर मारला तर पायरीचा कोपरा भरून गेला आणि विळ्याऐवजी अळी उमटली. पेंटर ऐरणीवर इतका वाकला की त्याच्या भुवईचे केस करपायचे राहिले. "पायरी थोडी उंच करू. लोखंडाला बारीक कळत नाही."

"फोनलाही कळत नाही," पुतणी म्हणाली.

"मग दोघांची सोय एकच," पेंटर म्हणाला आणि परत भिंतीकडे गेला.

सोमवारी दुपारी तिसरा ठसा तयार झाला. सुनेने चिमट्यात लाल पातं धरलं, लेकाने ठसा टेकवला. "आई, तुम्ही मारा," सून म्हणाली. थोरलीचा खांदा वर जात नव्हता. तिने डाव्या हाताने हातोडी घेतली आणि एकच घाव घातला. पातं पाण्यात गेलं, वाफ उठली, बाहेर आलं. काळ्या लोखंडात ती रेघ स्वच्छ बसली होती. तिने त्यावर अंगठा फिरवला. मग डोळे मिटून फिरवला.

पुतणीने भिंतीवरच्या शेवटच्या रेघेचा फोटो आधीच चढवला होता. तिने फोन ठोकळ्यावर उभा ठेवला. थोरली हटून भिंतीपर्यंत मागे गेली, तिथून पाहिलं. दिसत होती. नखाएवढ्या जागेत, पांढऱ्यावर काळी, आणि मान उचललेली. खाली पुतणीने एवढंच लिहिलं होतं: बोटं जमिनीला लागू नयेत म्हणून आमच्या विळ्याची मान वर. चाळीस वर्षांपूर्वी घरच्या सुनेने वळवली.

मंगळवारी सकाळी दोन निरोप आले. एक वेबसाइटवर, कुठल्याशा लांबच्या गावातून: आमच्याकडे बारा बायका गवत कापायला जातात, ही मान खरंच तशी असते का, आधी दोन विळे पाठवा, मग बघू. दुसरा फोन गेटवाल्या कारखानदाराचा. लेकाने तो कानाला लावला. सून कोळसा सारायची थांबली. थोरली मुठीत खिळा ठोकत होती, ती ठोकतच राहिली, पण घाव खिळ्यावर पडत नव्हते.

"नाही, मालक," लेक म्हणाला. "कापणी होईपर्यंत तरी नाही. भट्टी पेटलीय." त्याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "दोन विळे बांधायला घे. गंज लागलेले नकोत."

दोन विळे म्हणजे काही हंगाम नव्हे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीला टेकलेले जुडगे तिथेच होते. पण लेकाने भात्याच्या जागी बसवलेला पंखा पूर्ण सोडला आणि आग छातीएवढी वर आली.

पेंटरने डबे सायकलला बांधले. चपला घातल्या. तो निघताना काही बोलणार नाही हे थोरलीने एव्हाना ओळखलं होतं. गुडघ्यावर हात रेटून ती उठली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली, त्याची वाट अडवून.

"थांबा पेंटर. तीन दिवस तुम्ही आमच्याकडे फुकट बसलात, असं मी चार घरी सांगून आलेय. ते परत घ्यायला दारोदार जाणार नाही, तेवढे माझ्यात गुडघे नाहीत. पण इथे सगळ्यांसमोर सांगते. चाळीस वर्षं त्या मानेला घरच्यांनी हात लावला, दुकानदाराने लावला, हजार बायकांनी लावला. तिच्याकडे बघितलं ते तुम्ही एकट्याने. कामाचा माणूस आहात. मात्र पुढच्या वेळी मी असं काही उलटं सांगायला लागले, तर 'सरळ?' म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही. ब्रश खाली ठेवायचा आणि माझ्याशी भांडायचं."